दयेची शाळा की हक्काची?

काही वर्षांपूर्वी शब्बाथ शाळेचा वर्ग घेत असताना माझ्या हातून एक गोष्ट घडली. तिची नोंद मंडळीच्या कोणत्याही वहीत नाही, पण माझ्या मनातून ती गेलेली नाही. ह्या लेखाचा विषय तिच्यातूनच निघाला असल्यामुळे ती आधी सांगून टाकतो.

अनगोळहून एक बाई दर रविवारी आपल्या मुलाला घेऊन येत असत. मुलगा दहा-अकरा वर्षांचा, बोलणे अस्पष्ट, समज वयाच्या मानाने पुष्कळ मागे. वर्गात तो मध्येच उठे. गाणे संपले तरी टाळ्या वाजवीत राही. शेजारच्या मुलाच्या हातातले चित्रांचे पुस्तक ओढून घेई. वर्गात तीस मुले, शिक्षक मी एकटा आणि वचनपाठांतराची स्पर्धा तोंडावर आलेली. एका रविवारी उपासनेनंतर मी बाईंना बाजूला बोलावले आणि शक्य तितक्या सौम्य शब्दांत म्हणालो, "ताई, ह्याला काही दिवस तुमच्याजवळच बसवा. त्याला इथलं काही कळत नाही आणि बाकीच्यांचं लक्ष जातं."

बाई रागावल्या नाहीत. "कळत नाही असं नव्हे वो सर," त्या म्हणाल्या, "वेळ लागतो की त्याला." एवढे बोलून त्यांनी मुलाचा हात धरला. पुढचे दोन रविवार त्या आल्या, मग येईनाशा झाल्या. आमच्या वर्गाला त्या वर्षी पाठांतराची ढाल मिळाली.

वर्ष-दीड वर्षाने त्या मला अनगोळच्या रस्त्यावर भेटल्या. अनगोळ हे एके काळी बेळगावच्या दक्षिणेचे शेतकऱ्यांचे गाव. आता ते शहराचाच भाग झाले आहे. एका बाजूला टिळकवाडी, दुसऱ्या बाजूला उद्यमबागेतील कारखाने. जुन्या गल्ल्यांतून अजून म्हशी बांधलेल्या दिसतात आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी कारखान्याला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली उभ्या असतात. बाईंच्या एका हाताला मुलगा होता व दुसऱ्या हातात डब्याची पिशवी होती. मी ओशाळून विचारपूस केली. त्या म्हणाल्या, "शाळेला चाललोय की सर. चला, बघा तरी."

मी गेलो. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, पंधरा-सोळा मुले, दोन शिक्षिका आणि एक आया. भिंतीवर वेळापत्रक होते, पण ते शब्दांत नव्हते, चित्रांत होते. हात धुण्याचे चित्र, प्रार्थनेला बसलेल्या मुलांचे चित्र, डब्याचे चित्र, चपलांचे चित्र. एक मुलगी मणी ओवीत होती. एक मोठा मुलगा खऱ्या नोटा व नाणी घेऊन दुकान-दुकान खेळत होता. आमचा तो मुलगा शर्टाचे बटण लावायला शिकत होता.

बटण लावणे ही आपल्याला एक क्रिया वाटते. शिक्षिकेने मला समजावून सांगितले की त्यात पाच-सहा निरनिराळी कामे आहेत. काठ एका हाताने धरायचा, बटण दुसऱ्या हाताच्या चिमटीत घ्यायचे, ते काजापाशी आणायचे, अर्धे आत सारायचे, दुसऱ्या बाजूने पकडायचे आणि ओढायचे. ज्या मुलाला हे सगळे एकदम जमत नाही त्याला एकेक पायरी शिकवतात, आणि पुष्कळदा ती उलट्या क्रमाने शिकवतात. म्हणजे पहिली पाच कामे बाई स्वतः करून देतात आणि शेवटचे ओढण्याचे काम तेवढे मुलाकडून करवून घेतात. ते साधले की शेवटची दोन कामे त्याची. मग तीन. "असं का?" मी विचारले. बाई म्हणाल्या, "सुरुवातीपासून शिकवलं तर तो दर वेळी अर्ध्यावर हरतो. शेवटापासून शिकवलं तर पहिल्या दिवसापासून बटण त्याच्या हातानं लागतं."

त्या वाक्याने मी विचारात पडलो. शिकवण्याच्या माझ्या साऱ्या वर्षांत मी मुलांना सुरुवातीपासून शिकवीत आलो आणि जो अर्ध्यावर राहिला त्याला मागे टाकून पुढे गेलो.

त्या वर्षी सुगीच्या सणाच्या अर्पणाचा काही भाग ह्या शाळेला द्यावा अशी सूचना मी कमिटीपुढे मांडली. आमच्या कमिटीत एक वयस्कर सभासद आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, हिशोबाला चोख आणि मनाने सरळ. त्यांनी प्रश्न विचारला, "सर, मला कठोर समजू नका. पण जो मुलगा दोन वर्षांत बटण लावायला शिकतो त्याच्यावर हा पैसा खर्च करावा, की त्याच पैशात आपल्या मंडळीतील एखाद्या हुशार पण गरीब मुलीची फी भरावी? ती नर्स होईल, घर वर काढील, उद्या दशमांश देईल. आपण देवाच्या पैशाचे कारभारी आहोत. कारभाऱ्याने फळ पाहू नये काय?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की प्रश्न दुष्टपणाचा नाही. पैसा मर्यादित आहे, गरजा पुष्कळ आहेत, आणि ती गरीब मुलगी काल्पनिक नाही. ती प्रत्येक मंडळीत असते. सरकारपुढेही हाच प्रश्न असतो. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकाकडे थोडीच मुले द्यावी लागतात, म्हणून दर मुलामागे होणारा खर्च साहजिकच जास्त येतो. तेव्हा "सार्वजनिक पैसा येथे का?" असे कोणी विचारले तर त्याच्यावर रागावण्याने काम भागत नाही.

पण ह्या प्रश्नाच्या पोटात एक माप लपलेले आहे, ते बाहेर काढून पाहिले पाहिजे. ते माप असे की माणसावर केलेला खर्च त्याच्याकडून पुढे मिळणाऱ्या फळावरून योग्य की अयोग्य ठरतो. आता हेच माप आपल्या घरात लावून पाहा. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या औषधावर आपण खर्च करतो तो कोणत्या फळासाठी? मरणाच्या दारी असलेल्या सभासदाकडे पाळक रात्री बाराला धावत जातात ते कोणत्या फायद्यासाठी? आपण स्वतः जन्मल्यापासून कितीतरी वर्षे दुसऱ्यांच्या हातचे खाल्ले, आणि आयुष्य लांबले तर शेवटची काही वर्षे पुन्हा तसेच खाणार आहोत. हे माप खरे असेल तर मनुष्याला मोल आहे ते त्याच्या मधल्या काही वर्षांपुरतेच. मग लहान मूल हे उद्याच्या आशेवर दिलेले कर्ज ठरते आणि म्हातारा माणूस बुडीत खाते ठरतो. माझे बँकेतील मित्र असे कधीच म्हणणार नाहीत. म्हणजे ते माप त्यांनाही मान्य नाही. ते फक्त ह्या एका मुलाला लावले जाते, कारण त्याच्या बाबतीत ते लावायची आपल्याला सवय झाली आहे.

कारभाऱ्याचा मुद्दा मात्र पवित्र शास्त्रातला आहे, म्हणून त्याचे उत्तरही शास्त्रातूनच दिले पाहिजे. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील रुपयांचा दाखला आपण सर्वांनी मुलांना शिकवला आहे. त्यात धनी सर्वांना सारखे देत नाही. ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे पाच, दोन व एक असे देतो. हिशोबाच्या दिवशी पाचाचे दहा करणाऱ्याला जी शाबासकी मिळते तीच शाबासकी दोनाचे चार करणाऱ्याला मिळते. एकविसावे व तेविसावे वचन शेजारी ठेवून वाचा. धन्याने दुसऱ्याला एक शब्दही कमी दिलेला नाही. दहा आणि चार ह्यांत पुष्कळ फरक आहे, पण धन्याच्या तोंडी तो फरक दिसत नाही. त्याने पाहिले ते एवढेच, की मिळाले त्यातून ह्याने काय केले. दोन वर्षांत बटण लावायला शिकलेल्या मुलाने आपल्या वाट्याच्या रकमेचे दुप्पट केले नाही, असे म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही. आणि ज्याने आपली रक्कम मातीत पुरून ठेवली तो त्या दाखल्यात कोण आहे, हेही पाहावे. मिळालेला विद्यार्थी 'ह्याला काही कळत नाही' म्हणून बाजूला ठेवणारा शिक्षक त्याच्या फार जवळचा नातेवाईक आहे.

येथवर बरेच वाचक माझ्याशी सहमत होतील आणि म्हणतील, "खरे आहे, अशा मुलांवर दया केलीच पाहिजे." येथेच दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न सुरू होतो. ही शाळा दयेची आहे काय?

दयेची थोरवी कमी करण्याचा माझा हेतू नाही. आमच्या ख्रिस्ती मिशनांनी ह्या कामाला आपल्या भागात दयेनेच हात घातला. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनी मुंबईत १९०० साली अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या स्त्रिया व मुली आणल्या, त्यांत अंधही होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ह्यांनी ब्रेल लिपी शिकून त्या अंध मुलींना वाचायला शिकवले. ह्याच मनोरमाबाईंनी पुढे गुलबर्ग्यास शांतिसदन काढले, म्हणजे आज ज्याला आपण कर्नाटक म्हणतो त्या भागातही ते काम पोचले.

ह्या इतिहासातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दुष्काळात अंध मुलीला भाकरी दिली असती तरी दया पुरी झाली असती. मनोरमाबाई भाकरीपाशी थांबल्या नाहीत. त्यांनी तिच्या बोटांखाली अक्षरे ठेवली. भाकरी देताना आपण म्हणतो, "तू उपाशी आहेस." अक्षर देताना म्हणतो, "तू शिकणारी आहेस." ह्या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. आणि हे मुक्तीमध्ये घडले ह्याचे मला नवल वाटत नाही. स्वतः रमाबाई १८८३ साली डॉक्टरीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या होत्या, पण कान अधू असल्यामुळे तो मार्ग त्यांना बंद झाला. एक दार बंद झाले म्हणून माणूस निकामी होत नाही, हे त्या घरात कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती. त्याच अधू कानांच्या बाईने पुढे पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले.

मिशनांच्या बाहेरही हीच कथा दिसते. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा काढली. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी ह्यांनी कामायनी सुरू केली. नाशकात १९७७ साली रजनीताई लिमये ह्यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर काढले, तेही स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. कोणा एका आईबापाने "माझे मूल शिकेल" असा हट्ट धरला आणि त्यातून शेकडो मुलांसाठी दार उघडले.

पण दयेला एक दुबळेपणा आहे. ती देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. यंदा सुगी चांगली झाली तर दया, नाही झाली तर पुढच्या वर्षी पाहू. शिवाय दया घेणाऱ्याला सदैव आभारी राहावे लागते. त्या बाई माझ्यावर रागावल्या नाहीत ह्याचे कारण त्यांचा स्वभाव शांत आहे एवढेच नव्हते. आपल्या मुलाला वर्गात बसू देणे हा आपल्यावर उपकार आहे, आणि उपकार काढून घेतला तर तक्रार करायची नसते, असे त्यांनी आयुष्यभर शिकून घेतले होते. त्यांना तसे शिकवणाऱ्यांत मीही होतो.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात मफीबोशेथाची गोष्ट आहे. दोन्ही पायांनी लंगडा, लो-दबार येथे दुसऱ्याच्या घरी राहणारा, स्वतःला मेलेल्या कुत्र्याची उपमा देणारा. दावीद त्याला बोलावून घेतो. त्याच्या आजोबाची जमीन त्याला परत करतो, ती कसायला सीबा व त्याची माणसे लावून देतो, आणि त्याने आपल्या पंक्तीला नित्य जेवावे असे ठरवतो. हे दावीद का करतो? मफीबोशेथाची अवस्था पाहून त्याला गहिवर आला म्हणून नव्हे. त्याला पाहण्यापूर्वीच दाविदाने चौकशी सुरू केली होती. योनाथानाशी त्याचा करार झालेला होता. करारामुळे मफीबोशेथाची पंक्तीतली जागा ही त्याची जागा होती, भिक्षा नव्हती. अशी जागा राजाचे मन फिरले म्हणून जात नाही.

आज आपल्या देशातही अशा मुलांसंबंधाने एक प्रकारचा करार झालेला आहे, आणि शब्बाथ शाळेच्या प्रत्येक शिक्षकाला तो माहीत असला पाहिजे. १९९५ साली अपंगांसाठी पहिला मोठा कायदा झाला. त्याच्या जागी २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली आहे. ज्याला पूर्वी आपण सर्रास 'मतिमंद' म्हणत असू ती बौद्धिक अक्षमताही त्यात आहे, आणि स्वमग्नता व सेरेब्रल पाल्सीही आहे. ज्यांची दिव्यांगता चाळीस टक्के किंवा अधिक ठरली आहे अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्क ह्या कायद्याने दिला. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता त्यांना प्रवेश दिला पाहिजे, असेही त्यात आहे. कर्नाटक सरकार बहिऱ्या मुलांसाठी स्वतः ज्या शाळा चालवते त्यांतली एक बेळगावातच आहे. अंध मुलांसाठी येथे माहेश्वरी अंधशाळा आहे. ही सारी व्यवस्था पुरेशी आहे असे मी म्हणत नाही. पण तिच्यामागचे तत्त्व दयेचे नाही, न्यायाचे आहे. आपण कर भरतो त्यातून हुशार मुलाचे कॉलेज चालते, तसाच त्याच करातून ह्या मुलाचा चित्रांचा तक्ताही चालला पाहिजे. दोघेही त्याच पंक्तीतले आहेत.

येथे कोणी म्हणेल, "हक्क सरकारने द्यावयाचा असेल तर मंडळीला काय काम उरले?" पुष्कळ काम उरले. सरकार पगार देऊ शकते, खोली देऊ शकते, प्रमाणपत्र देऊ शकते. वाढदिवसाला बोलावणारा मित्र सरकार देऊ शकत नाही. आई आजारी पडली तर मुलाला शाळेत पोचवणारा शेजारी कायद्याने मिळत नाही. आणि "तुझ्यामागे ह्याचे कसे होणार?" ही जी चिंता अशा प्रत्येक आईच्या उशाशी असते, तिच्यावर कोणत्याही कलमात उपाय नाही. तिच्यासाठी माणसेच लागतात.

ह्याच ठिकाणी आपल्या बोलण्यातल्या दोन चुका सांगतो. पहिली जुनी आहे. "कोणाच्या पापामुळे?" हा प्रश्न योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी विचारला, आणि प्रभूने तो स्पष्ट नाकारला. तरी तो अजून आपल्या घरांत कुजबुजत विचारला जातो, आणि बहुतेक वेळा त्याचा रोख आईकडे असतो. प्रभूने त्या ठिकाणी शिष्यांची दृष्टी मागच्या दोषाकडून पुढच्या कामाकडे वळवली, हे ध्यानात ठेवावे. दुसरी चूक नवी आहे आणि गोड दिसते. "ही तर देवदूतासारखी मुले" असे आपण म्हणतो. ती देवदूत नाहीत. ती हट्ट करतात, चिडतात, दुसऱ्याचे पुस्तक ओढतात, खोडी करून हसतात. देवदूत म्हटले की त्यांना शिकवायचीही गरज उरत नाही आणि शिस्त लावायचीही उरत नाही. मूल म्हणणे हाच त्यांचा खरा मान आहे.

आता आणखी एक प्रश्न. निराळी शाळा म्हणजे मुलाला निराळे काढणे नव्हे काय? ह्यावर जाणत्या लोकांतही दोन मते आहेत, आणि दोन्ही बाजूंना सत्य आहे. बटणाची सहा कामे शिकवायला वेळ, धीर व प्रशिक्षण लागते, आणि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ते नेहमी मिळत नाही. उलट, जे मूल केवळ आपल्यासारख्यांतच वाढले त्याला बाकीचे जग परके राहते, आणि जगालाही ते परके राहते. प्रत्येक मुलासाठी ह्याचे उत्तर निराळे असेल. पण एक हिशोब मांडून पाहा. सोमवार ते शनिवार हा मुलगा निराळ्या शाळेत असतो, ते गरजेचे म्हणून. रविवारीही आम्ही त्याला निराळे बसवले, तर तो सर्वांबरोबर केव्हा बसणार? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल शरीराच्या अवयवांविषयी लिहितो तेव्हा तो केवळ असे म्हणत नाही की दुर्बळ दिसणाऱ्या अवयवांना सांभाळून घ्या. ते आवश्यक आहेत, असे तो म्हणतो. आवश्यक म्हणजे ज्यावाचून शरीराचे चालत नाही ते. त्या मुलाला वरच्या मजल्यावर पाठवून आमच्या वर्गाने ढाल मिळवली, तेव्हा पौलाच्या हिशोबाने आमचा वर्ग अपुरा होता.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख लोक दिव्यांग म्हणून नोंदले गेले, म्हणजे शंभरांत दोनांहून थोडे अधिक. ह्या प्रमाणाने तीनशे माणसांच्या मंडळीत सहा-सात जण असायला हवेत. पुढच्या रविवारी बाकांवर नजर टाकून मोजा. जे दिसत नाहीत ते कोठे आहेत? बहुधा घरी आहेत.

आमच्या सीमाभागात ह्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून येथल्या मराठी घरांत भाषेचा प्रश्न रोजचा आहे. हुशार मूल घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी अशी तारेवरची कसरत करते आणि त्यातून शहाणेही होते. ज्या मुलाला एक शब्द पकडायला महिना लागतो त्याच्यावर तीन भाषांचे ओझे टाकता येत नाही. 'पाणी' आणि 'नीरु' ह्यांतला कोणता शब्द त्याने आधी शिकावा, हा त्याच्यापुरता वादाचा विषय नाही, तहानेचा आहे. ज्या भाषेत आई त्याला पाणी देते त्याच भाषेने आरंभ व्हावा, ती मराठी असो, कन्नड असो वा उर्दू असो. मी पाहिलेल्या त्या वर्गात बाई एका मुलाशी मराठीत व दुसऱ्याशी कन्नडमध्ये बोलत होत्या, आणि त्यात कोणालाही काही विशेष वाटत नव्हते. मोठ्यांनी पाहण्यासारखे ते दृश्य होते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी, मी उशिरा शिकलेल्या काही गोष्टी येथे देतो. मूल वर्गात येण्यापूर्वी त्याच्या आईशी बोला. त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, दंगा झाला तर तो कसा शांत होतो, हे तिला ठाऊक असते. वर्गाचा क्रम दर आठवड्याला तोच ठेवा व तो चित्रांनी भिंतीवर लावा. त्याच्याजवळ एक मोठा मुलगा किंवा मुलगी मदतनीस म्हणून बसवा, मात्र दर वेळी एकाच मुलावर ते काम टाकू नका. संपूर्ण वचन पाठ होत नसेल तर त्यातला एक शब्द द्या, आणि सर्वांनी वचन म्हणताना तो शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा. त्याला एक खरे काम द्या. चटया अंथरणे, अर्पणाची पिशवी फिरवणे, असे काही. शेवटची पायरी त्याच्या हातून होऊ द्या. आणि पाठांतराची स्पर्धा घ्यायचीच असेल, तर तिच्यासाठी कोणाला बाहेर बसवावे लागणार नाही अशी घ्या, नाही तर घेऊ नका. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चार मित्रांनी पक्षघाती माणसासाठी छप्पर उघडले. घरात जागा नाही म्हणून त्यांनी त्याला परत नेले नाही. आपली स्पर्धा छपरापेक्षा मोलाची नाही.

शेवटी कमिटीत काय झाले ते सांगतो. अर्पणाचा काही भाग शाळेला गेला आणि त्या गरीब मुलीची फीही भरली गेली. दोन्ही रकमा लहान होत्या. बँकेतील मित्रांचा प्रश्न पूर्ण सुटला असे मी म्हणणार नाही. पैसा अपुरा आहे तोवर तो प्रश्न दर वर्षी उभा राहील. पण 'ह्याच्यावर की तिच्यावर' असा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा त्यांनीच म्हटले, "दोघांनाही पंक्तीत धरून हिशोब मांडू."

मी अनगोळला बाईंच्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्यांनी चहा केला. "येतो की आम्ही सर," त्या म्हणाल्या, "पण तो टाळ्या वाजवणार बघा." आता तो येतो. गाणे संपल्यावरही टाळ्या वाजवतो. एका पालकांनी तक्रार केली, तीही मला ऐकून घ्यावी लागली, आणि तिचे उत्तर मी अजून धीराने देत आहे. काही रविवार वर्ग बिघडतो. काही रविवार मीच थकतो आणि जुने शब्द पुन्हा ओठांवर येतात.

पण गेल्या काही महिन्यांत बाकीची मुले एक गोष्ट शिकली आहेत. गाणे संपले की ती लगेच खाली बसत नाहीत. त्याच्या टाळ्या होईपर्यंत उभी राहतात. हे मी त्यांना शिकवलेले नाही.

वाचकहो, तुमच्या मंडळीतला तो मुलगा किंवा ती मुलगी कोठे आहे? पुढच्या रविवारच्या आत एकदा त्यांच्या घरी जाऊन या.